कोमारचे टायर

साल? दोन हजार चोवीस. नोव्हेंबरची तेरा, बुधवार. पानगळ संपली, बर्फ अजून डोंगरावरच आहे, पण उतरायच्या बेतात आहे — काय? गाडीचं साल विचारतोयस? मग गाडीचं असं म्हण ना. ते मला काय ठाऊक. कागद समोरच्या खणात आहेत, तूच बघ. फ्रेंच आहे एवढं मला माहीत आहे. लाल आहे ते तुला दिसतंय. तीन दारं, चिमणीएवढी, आणि आत म्हणे दोनशे घोडे — दोनशे! आमच्या लाकडाच्या गिरणीत एवढे घोडे नव्हते, आणि तिच्या जिवावर निम्मं दोन्यी वाकुफ गाव जेवत होतं. घे वर, एक्रेम. जॅक नको, लिफ्टवर घे नीट. मला ही दुपारच्या आत परत न्यायचीय. माझी? माझी कशी असेल? माझ्याकडे बघून वाटतं का तुला, मी असल्या गाडीत बसेन? ओळखीच्यांची आहे. ओळखीच्यांची म्हणजे ओळखीच्यांची. तू चाकं काढायला लाग. मी बसत नाही, उभाच बरा आहे.

टायर मी आणलेत. मागे बघ, सीट पाडून चारही टाकलेत, रिमसकट. तू फक्त चढवायचे. माझ्या गोल्फ गाडीचे आहेत. हिवाळी. हात फिरवून बघ, काटे कसे उभे आहेत — नवे म्हणजे नवे. साबणाच्या पाण्यानं पुसून, पावडर लावून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेले. हसतोस काय? तो आकडा? वाचता येतो मला, चार इयत्ता झाल्यात माझ्या. आठ म्हणजे दोन हजार आठ. बरं मग? वापरलेत कुठे? रबर आहे, दूध नाही नासायला. — नखानं? नखानं काय बघायचं? ... हं. कडक झालेत थोडे. मीही झालोय, मला कुणी फेकलं का? चढव तू. आणि हिवाळी टायर होते तर हिवाळ्यात वापरले का नाहीत असं विचारू नकोस — विचारलंसच. हिवाळ्यात माझी गोल्फ ठोकळ्यांवर असते. नोव्हेंबर आला की चढवतो ठोकळ्यांवर, चाकं काढतो, बॅटरी काढून कोठीत ठेवतो, वर घोंगडी. गिरणीतले सगळे असंच करायचे. गाडी टिकते तशी. युद्धाच्या आधीची आहे, अजून गंजाचा ठिपका नाही. मग टायर कशाला? कायदा आहे म्हणून! पंधरा तारखेपासून हिवाळी टायर नसतील तर पोलीस धरतात, ते तुलाही माहीत आहे. हो, ठोकळ्यांवरच्या गाडीला नाही धरत. फार बोलतोस तू, लेका. तुझा बाप कमी बोलायचा आणि जास्त काम करायचा.

का थांबलास? जात नाही? ढकल. अरे ढकल, लाडानं काय लावतोयस, नवरी आहे का ती. भोकं जुळतायत ना? मग? ब्रेकला अडतंय — दाखव. सरक, दाखव मला. हा लाल जबडा होय. एवढ्या चिमणीला एवढा ब्रेक कशाला लागतो? शर्यतीसाठी. हो, शर्यतीत जाते ती, उन्हाळ्यात, डोंगर चढायच्या असतात ना त्या, रविवारी रस्ता अडवून — जाते तर जाते, माझं काय. थोडं घासून नाही का भागणार? नाही म्हणजे नाही. बरं. काढ. टाक माझे तिकडे कोपऱ्यात. चार चाकं मी शिडीवरून उतरवली एकट्यानं, तीही ह्या वयात — असू दे. हसू नकोस. म्हणजे आता हिच्याच रिमवर नवे टायर. मग दाखव. अरुंद दाखव. बर्फात अरुंद टायर कापत जातो, रुंद वर तरंगतो, एवढं मलाही कळतं. रिमला ह्याहून अरुंद बसत नाही? बरं, मग बसेल त्यातला सगळ्यात अरुंद.

दोन? कसले दोन? पुढे दोन घाला, मागे आहेत तेच राहू द्या — इकडे सगळे तसंच करतात, ते मला नको सांगू. पुढची चाकं ओढतात म्हणून पुढे चांगले, मागे काहीही चालतं. मीही हेच म्हणायचो. गिरणीच्या फाटकाशी उभं राहून पोराटोरांना शिकवायचो हे. जानेवारीपर्यंत म्हणायचो. — जानेवारीत काय म्हणजे? जानेवारीत ह्याच गाडीला पुढे दोन हिवाळी होते, आणि मागे हे, उन्हाळ्यातले, चिकट, पातळ नक्षीचे. चार घ्यायला पैसे नव्हते गाडीवालीकडे. मला कसं माहीत? मी आत होतो म्हणून माहीत. मागे बसलो होतो. तू काम कर ना हातानं, कानानं काय करतोयस.

शेम्सा पडली होती. बायको माझी. पहाटे, चुलीपुढे. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात दोरी तुटल्यासारखा. मी उचलली आणि अंगणात आलो — आणि गोल्फ ठोकळ्यांवर. चाकं माळ्यावर, बॅटरी कोठीत, घोंगडीवर वीतभर बर्फ. अँब्युलन्सला फोन केला, त्यांचाही दोष नाही, ते त्राव्निकच्या बाजूला, इस्पितळ त्राव्निकला, आणि मध्ये कोमारच्या चढावर ट्रक आडवे झालेले. मी उभा. हातात शेम्सा, पायात घरातल्या चपला. कुणाला हाक मारायची? शेजारी नियाझ, त्याच्याशी मी बोलत नाही. का ते सोड. आधी कुंपण, मग त्याच्या मुलीची ही गाडी. बेकरीत जायची ती पहाटे, तेव्हा सुरू करायची, गल्लीतली भांडी वाजायची फळीवर. मी पोलिसांत अर्ज दिला होता. दोनदा दिला. ते तिला माहीत होतं. बेरिनाला. तरी ती आली. मी हाक मारली नव्हती, हे लक्षात घे, एक्रेम, मी हाक मारली नव्हती. बेकरीच्या पांढऱ्या कपड्यात, निघायच्या तयारीत होती, कुंपणावरून उडी टाकून आली, पुढची सीट आडवी केली, म्हणाली, 'रागिबकाका, तुम्ही मागे बसा, डोकं धरा' — मला हुकूम! — आणि निघाली.

कोमारचा घाट तू पाहिलायस जानेवारीत. रस्ता कुठला आणि खंदक कुठला, काही कळत नव्हतं. ट्रकवाले खाली उतरून सिगारेटी ओढत उभे, ही त्यांच्यामधून शिवणाच्या सुईसारखी. आणि तोंड चालू. माझ्याशी नाही, शेम्साशी. 'काकू, मी काल बटाट्याचा बुरेक केला.' बटाट्याचा बुरेक! शेम्सासमोर! तुला सांगायला नको, तू काय परका आहेस — पापुद्र्यात मांस भरलं असेल तरच तो बुरेक, बाकी काहीही भरलं तर तिला नुसती पिता म्हणायचं. ह्या एका शब्दावरून शेम्सानं माझ्या बहिणीशी वर्षभर अबोला धरला होता. आणि ही पोरगी गियर टाकता टाकता, 'चीजचा बुरेकसुद्धा छान होतो, काकू. पालकाचा बुरेक तर काय विचारू नका.' शेम्साची जीभ उलटत नव्हती, पण ती 'मां... मां...' करायला लागली. मांस, मांस. डोळे उघडे, रागानं लाल. मला वाटलं, ही पोर वेडी आहे, माझी बायको मरतेय आणि ही थट्टा करतेय. वाटलं, गाडी थांबवायला सांगावी. तिला झोपू द्यायची नव्हती, ते मला नंतर कळलं. मला सगळं नंतरच कळतं.

माथ्याच्या अलीकडे ती खानावळ आहे ना, तिच्या खालचं डावं वळण — तिथे गाडीचा मागचा भाग निघाला. मी मागे बसलेला, मलाच आधी कळलं. ढुंगणाखालचा रस्ता गेला. गाडी आडवी. एका बाजूला उतार, समोर ट्रकची चाकं, माझ्या मांडीवर शेम्साचं डोकं. मी चालवत असतो तर ब्रेक मारला असता. कुणीही मारला असता. तिनं नाही मारला. गॅस दिला. उलट गॅस दिला, शेपूट गेलं तिकडे स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी सरळ. आणि मला म्हणाली, 'माफ करा, काका.' माफ करा! मागे धड टायर नाहीत म्हणून माझी माफी मागते, आणि मी तिच्यावर दोनदा अर्ज दिलेला. म्हणून चार. दोनचं नाव काढू नकोस. मी त्या मागच्या सीटवर बसलोय, तू बसलेला नाहीस.

वाचली. हो, वाचली. हात अजून पुरता वळत नाही, बोलते थोडं थोडं. पहिला अख्खा शब्द काय बोलली असेल? बुरेक. माझं नाव नाही. असो. दाखव टायर.

हे कुठले? जर्मनीचे. वापरलेले. नक्षी चांगली आहे म्हणे. एक्रेम, ह्याची ही बाजू बघ, चिरा पडल्यात, केसासारख्या, पण आहेत. त्यांनी एक-दोन हिवाळे वापरायचे, टाकायचे, आणि मग तुमच्या ट्रकमधून इकडे यायचे, आणि आपण खुश. नको मला. ते आपल्याला जुने टायर देतात आणि आपल्या तरुण पोरी घेऊन जातात, चांगला सौदा आहे. — कोण जातंय म्हणजे? सगळेच जातायत, गावात राहिलंय कोण? ... ती पण. हो. ती पण जातेय. उद्या पहाटे. ग्राझला, परदेशात. तिकडे वृद्धाश्रमात काम मिळालंय, म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, त्यांचे हात चोळायचे. पगार चांगला आहे म्हणे. असेल. इथे फुकट करायची. रोज संध्याकाळी यायची, शेम्साचा हात घ्यायची, बोटं एकेक करून उघडायची, बंद करायची, नखं रंगवून द्यायची तिची — ह्या वयात लाल नखं! आणि दोघी हसायच्या. मी? मी तेव्हा मागे लाकडं फोडायला जायचो. काय बोलणार मी तिच्याशी? 'ये' म्हणायचो, 'जा' म्हणायचो. आमच्याकडे आता तीन हिवाळे पुरतील एवढी लाकडं फोडून झालीत. हस. हस तू.

गाडी कशी मिळाली मग? मागितली. काल संध्याकाळी फाटकाशी गेलो आणि म्हणालो, बटाटे आणायचेत, गाडी हवी. तिनं किल्ली काढून दिली. कुठले बटाटे, किती, काही विचारलं नाही. नियाझ खिडकीत होता, त्यानंही अडवलं नाही. आता मागून आणलेली वस्तू आपण रिकामी परत देतो का? बशी असली तरी देत नाही. पीठ मागून आणलं तर भांड्यात दोन अंडी घालून देतात, गाडी असली तर टाकी भरून देतात. मी टायर घालून देणार. एवढंच आहे ह्यात, फार मोठं काही नाही. समोरून दिले असते तर घेतले नसते तिनं. मीही घेतले नसते. येताना चालवली मीच. आधी बंद पडली. दोनदा. क्लच कसला, उंदराचा पिंजरा आहे, टाच उचलली की खट. मग व्र्बास नदीच्या कडेचा तो सरळ तुकडा आहे ना, तिथे जरा दाबली. जराच. ... तुला खोटं कशाला सांगू, चांगलीच दाबली. अर्जात मी लिहिलं होतं की हा आवाज माणसाच्या कामाचा नाही. आतून तसा वाटत नाही तो. तोंड बंद ठेव, हे बाहेर कुणाला सांगायचं नाही.

हां, हे नवे. हे दोन प्रकार. एकसारखेच तर दिसतात — नाही, थांब, चष्मा. ह्याच्या चिरा खोल आहेत, दात मोठे, रबर मऊ. ह्याच्या बाजूवर डोंगर काढलाय आणि डोंगरात बर्फाचं फूल. बरं. आणि ह्याच्यावरही तेच फूल. मग फरक काय? सांग, पण सोपं सांग. हा बर्फाचा. चढ, ताजा बर्फ, जंगलातला रस्ता — धरून ठेवतो, पण मोठ्या रस्त्यावर वेगात गेलं, वळणावर टाकला, तर लोण्यासारखा हलतो. आणि हा दुसरा कडक बाजूचा, ओल्या रस्त्याचा, थंडीतल्या पाण्याचा, जोरात चालणाऱ्या गाडीसाठीच केलेला, पण खोल बर्फात पहिल्याइतका नाही. म्हणजे दोन्ही हिवाळीच, पण हिवाळे वेगळे. कोमारवर कोणता चांगला? पहिला. झालं तर मग. पहिला. मी मघाशी सांगितलं ना घाटाचं? ज्याची भीती बघितली त्याचंच औषध घ्यायचं. लाव.

असा काय बघतोस? ग्राझला जायला कोमार लागत नाही, ठाऊक आहे मला, वेडा नाही मी. यायत्से, मग बान्या लुका, मग ग्रादिश्काचा पूल ओलांडून सरळ मोठ्या रस्त्याला. पण घरी येईल ना ती? नवीन वर्षाला येईल, ईदला येईल. आली की त्राव्निकला जाईल. शेम्साची तपासणी असते त्राव्निकला. आणि समज, शेम्साला पुन्हा काही झालं — झालं तर? मी काय करू, ठोकळ्यांवरची गोल्फ ढकलत नेऊ? ती असेल इथे तर गाडी तयार पाहिजे. कोमारची पाहिजे. लाव तू, लाव, वादविवाद नको. दुपार होत आली. हा नट असा जमिनीवर नको ठेवूस, वाटीत ठेव.

तो फोन माझा वाजतोय. थांबव ते मशीन. — हो. ... हो, बोल. ... घेतले, दोन पोती. ... जड कसली, मी काय म्हातारा झालो का? ... येतो, येतो. ... कुणी सांगितलं? कधीपासून? ... मग थांब ना एक दिवस. ... बरं. नाही, काही नाही. आवाज? ट्रॅक्टर आहे इथे. ठेव.

तीच होती. बॅगा भरून बसलीय. तिकडे म्हणे पाऊस लागलाय. मारिबोरपासून पुढे मोठ्या रस्त्यावर पाणी साचलंय, तिच्या मैत्रिणीनं कळवलंय, म्हणून थोडी आधीच निघणार. पहिल्या दिवशी उशिरा पोहोचणं बरं दिसत नाही, म्हणते. हळू जा म्हणावं असं वाटलं, पण कोणत्या तोंडानं म्हणू. ती हळू जाईल असं वाटतं का तुला? जन्मात नाही. चालू कर मशीन. ... चालू कर, म्हटलं ना.

दोन झाले? चांगले दिसतात. दांडगे दिसतात. हवा नीट भर, आणि ते शिशाचे तुकडे लावतोस ना तोल साधायला, ते आतल्या बाजूनं लाव, बाहेर दिसतात ते तिला आवडत नाहीत, पुसत बसते रविवारी. आणि हे उन्हाळ्याचे चार इथेच ठेव. तुझ्या मांडणीवर. सगळे ठेवतात ना तुझ्याकडे वसंतापर्यंत? मग हेही ठेव. महागाचे आहेत, शर्यतीचे, ह्यांच्यावर ती ह्या उन्हाळ्यात बायकांच्यात तिसरी आली. कप शेम्साला आणून दाखवला होता, आमच्याकडेच ठेवून गेली, मिठाच्या बरणीशेजारी. हे सोडून ती कुठे जाणार? एप्रिलात बदलायला यावंच लागेल. तिकडे का बदलेल? तिचे टायर तर इथे! यावंच लागेल तिला, मी बरोबर बोलतोय की नाही? आणि आली की दोन-चार दिवस राहील. लाव चिठ्ठी. खडूनं नको, पुसून जातो. लिही, बेरिना. पुढे? पुढे तिचा फोन. तो माझ्याकडे आहे. पत्ता कशाला लागतो? बरं, लिही पत्ता. पत्ता —

थांब.

लिहू नकोस. ... नाही, ठीक आहे मी. बसतो जरा. हा डबा बसायचाच आहे ना? पाणी नको. माझ्याकडे बघू नकोस, चाकाकडे बघ.

जानेवारीतल्या त्या दिवशी तिला कामावर जायचं होतं, एक्रेम. बेकरीत. पहाटेची भट्टी तिच्या हाताखाली होती. तिचा रस्ता बाजाराकडचा, आणि ती गेली त्राव्निकला. मला जिथे जायचं होतं तिथे गेली. मालकानं त्या दिवसाचं काय केलं ते तिनं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. 'काका, पुढच्या वेळी माझ्यासाठी काय कराल' असंही नाही म्हणाली. मला इस्पितळाच्या दारात उतरवलं, शेम्साच्या चपला माझ्या हातात दिल्या आणि वळून गेली. बस्स. आणि मी काय करतोय? तिच्या गाडीला माझा घाट बांधतोय. तिला जायचंय पाण्यातून, मोठ्या रस्त्यानं, आणि मी तिला कोमारचे टायर देतोय. वर तिची चाकं इथे ओलीस ठेवतोय. शेम्साला सांगितलं असतं हे घरी जाऊन, तर तिनं त्या बऱ्या हातानं काय फेकून मारलं असतं, ते मला माहीत आहे.

काढ ते दोन. हो, काढ. लावलेले असू देत नाहीतर काही, काढ. ओरडू नकोस, मजुरी दोनदा घे, मी नाही म्हणालो का? तुझी मुलगी असती, आणि उद्या ह्या गाडीतून ग्राझला निघाली असती, पाऊस असा, वेग तिचा — कोणते घातले असतेस? खरं सांग, विकायचं म्हणून नको. ... मग ते घाल. चारही ते. कोमार माझा मी बघेन. गोल्फ खाली उतरवीन ठोकळ्यांवरून, आणि ह्याच जातीचे चार, गोल्फच्या मापाचे, मागवून ठेव माझ्यासाठी. उद्या नाही, परवा येईन. आज फक्त हिचं.

आणि ती चिठ्ठी फाड. उन्हाळ्याचे चारही गाडीत टाक, मागे, सीट पाडलेलीच आहे. माझी चादर घाल खाली. बॅगा पुढच्या सीटवर बसतील, दोनच आहेत. तिकडे बदलू देत. तिकडेही डोंगर आहेत, तिकडेही शर्यती असतील. ... हं. तो शेवटचा नट पुन्हा एकदा आवळ. हातानं नको, पान्यानं. हां. घे खाली.

झालं? फडकं दे, हाताला काळं लागलंय, स्टिअरिंगला नको लागायला. किल्ली. नाही, कॉफी नको, पैसे टेबलावर ठेवलेत. तिला? तिला काही सांगायचं नाही. फाटकाशी लावीन, किल्ली कडीला अडकवीन आणि घरात जाईन. विचारलं तर विचारू दे. नाही विचारणार ती. माझं देणं होतं, ते दिलं. शटर वर घे.